अण्णाचा आकडा आणि आमची गल्ली

अण्णा,

काल तुझं तेरावं झालं. पाहुणे आले तसे गेले. आज सकाळी वहिनीनं सवयीनं तुझी कॉफी गाळली आणि मग पेला हातात धरून चुलीपुढं तशीच उभी राहिली. मी तो तिच्या हातातून घेतला आणि पिऊन टाकला. 

लोक तुझ्याबद्दल चांगलंच बोलले. तुझ्या आरोग्य कचेरीतले साहेब स्वतः आले होते. ओसरीवर बसून म्हणाले, "आकड्यांचा माणूस गेला." तू ऐकलं असतंस तर खूश झाला असतास. मला मात्र तुझी आठवण आली ती पाटावर मांडी घालून, भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून भांडणारा माणूस म्हणून. आईनं किती वेळा म्हटलं असेल, "अरे, आधी जेव, मग जगाचं भविष्य सांग." आणि तू दर वेळी तेच उत्तर द्यायचास, "आई, भविष्य नव्हे. हिशोब."

त्या एका शब्दावरून आपण बारा वर्षं भांडलो. भांडण अर्धंच राहिलं, आणि त्यात एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवली. ती सांगायला आज बसले आहे. पण आधी दुसरं काही सांगू दे, नाहीतर हात चालायचा नाही.

माझं कुंकू पुसलं गेलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. आप्पा मला सासरहून घेऊन आले आणि माजघरातली एक खोली दिली. त्यांच्या लेखी माझं आयुष्य तिथंच ठरून गेलं होतं. महाराजांच्या घोडदळात उमेदीची वर्षं घालवलेला माणूस तो, एकदा हुकूम दिला की दिला. तू चिंचोके घेऊन माझ्यापुढं बसलास. त्यांचे ढीग करून मला अपूर्णांक शिकवलेस, मग त्रैराशिक, मग तक्ते वाचायला शिकवलंस. वर्षभरानं आप्पांपुढं उभा राहून म्हणालास, "राधा शिक्षिकांच्या वर्गात जाणार." आप्पांनी विचारलं, "आपल्या गल्लीतल्या किती विधवा पोरी गेल्या आजवर? सांग की, तू मोजतोस ना सगळं." तू म्हणालास, "एकही नाही. ही जाणार." त्या दिवशी तू कुठलाही तक्ता उघडला नाहीस. आज मी मुलींना शिकवते, स्वतःच्या पायावर उभी आहे, ती तुझ्या त्या बिनतक्त्याच्या वाक्यावर. हे तुला मी कधी नीट बोलून दाखवलं नाही. आता ऐक.

तुझ्या डोक्यात ते वेड कुठून शिरलं हे मला ठाऊक आहे. बन्नीमंटपच्या मैदानावर दसऱ्याच्या मिरवणुकीला दर वर्षी मुलं हरवायची. चौकीवर त्यांची नोंद व्हायची, आणि तुझा मित्र तिथं असल्यामुळं तू ती वही बघायला मागितलीस. घरी आलास तो डोळे मोठे करून. "राधा, प्रत्येक पोर वेगळ्या कारणानं हरवलं. एक हत्तीमागं गेलं, एक आईचं लुगडं समजून दुसरीचाच पदर धरून गेलं. पण दर वर्षाची बेरीज बघ! जवळजवळ तेवढीच." तू बोट कागदावर आपटत होतास. "एकेक माणूस कसंही वागेल. पण शंभर जमले की नियम दिसतो. ग्रहण सांगता येतं, मग माणसांचं का येऊ नये?"

पुढल्या वर्षी तू आधीच सांगितलंस, किती मुलं हरवतील. चौकीवाल्यांनी ते मनावर घेतलं, जागोजागी शिपाई उभे केले. मुलं निम्मीच हरवली. तू दोन दिवस घुश्शात होतास, आणि मी हसून हसून बेजार झाले.

"तू सांगितलंस म्हणून चुकलं," मी म्हणाले. "ग्रहण पंचांग वाचत नाही, अण्णा. माणसं वाचतात."

"मग वाचणाऱ्यांनाही मोजीन."

"आणि त्यांना मोजलंस हे ज्यांना कळेल त्यांना?"

तू वही मिटून उठलास. पण त्या रात्रीपासून आपलं भांडण खेळातलं राहिलं नाही. तुला खरंच वाटत होतं की माणसांचं एक शास्त्र होऊ शकेल. दुष्काळ, साथ, दंगा, सगळं आधी कळेल, आणि मग कुणी अकारण मरणार नाही. तुझ्या वेडामागं ही एवढी माया होती हे मला तेव्हा दिसत होतं. तरी मला तुझा राग यायचा. आमच्या गल्लीतल्या बायकांविषयी तू बोलायचास ते पोत्यातल्या नाचणीविषयी बोलावं तसं. मी तिथंच राहत होते. त्या पोत्यातलाच एक दाणा होते.

मग ते प्लेगचं वर्ष आलं.

बाजारपेठेत उंदीर पडले आणि तू कचेरीत सांगितलंस, आता अमुक दिवसांनी अमुक गल्ल्यांत ताप शिरेल. आणि तो शिरला. उंदरांच्या बाबतीत तू एकदाही चुकला नाहीस. साहेबांचा तुझ्यावर विश्वास बसला तो तिथं. म्हणून त्यांनी तुला पुढचं काम दिलं. गावाबाहेर माळावर छावणी उभी करायची होती. कुठल्या गल्लीतली किती घरं आपणहून बाहेर पडतील ते तू काढायचं, तेवढ्या झोपड्या बांधायच्या. बांबू आणि झावळ्या अपुऱ्या होत्या. जिथं लोक येणारच नाहीत तिथं त्या वाया घालवायच्या नव्हत्या.

तू चार दिवस मागच्या साथींच्या नोंदी घेऊन बसलास. गुरुवारी संध्याकाळी जेवताना म्हणालास, "आपल्या गल्लीची पाच."

"पाच काय?"

"घरं. तेहतीसपैकी फार तर पाच निघतील. मागच्या दोन्ही साथींत तेवढीसुद्धा निघाली नव्हती. फौजेतल्या लोकांची गल्ली ही, उंबरा सोडणं म्हणजे यांना पळून जाणं वाटतं. आणि शिंप्यांची चार घरं आहेत, ती यंत्रं सोडून जाणार नाहीत."

आप्पा मिशीतल्या मिशीत हसले. त्यांना ते बरोबरच वाटलं, किंबहुना त्यात त्यांना शाबासकी वाटली. मी हातातला घास ताटात ठेवला. आमची सगळी गल्ली, आई, वहिनी, मी, तुझ्या एका आकड्यात बसवून तू मोकळा झाला होतास. आणि त्याहून वाईट म्हणजे तो आकडा मला खरा वाटत होता.

शुक्रवारी तू कचेरीत गेल्यावर मी चपला घातल्या. घरोघर फिरले. अण्णा, मी त्या बायकांना प्लेगविषयी फारसं काही सांगितलंच नाही. मी तुझा आकडा सांगितला. "माझा भाऊ म्हणतो, आपल्यातली पाचच घरं निघतील. म्हणतो, आपल्याला अक्कल नाही." दुसरं वाक्य माझ्या पदरचं होतं. काहीजणींनी दार लावून घेतलं. पण सुंदराक्का, ती शिंप्याची सून, कडेवर आठ महिन्यांची इंदू, तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हौदा? खरंच? असं म्हणाले अण्णा? मग आम्ही सोमवारी निघतो, बघा." तिच्या तोंडून ते निघालं आणि शेजारचं दार उघडलं. शनिवारी दुपारपर्यंत बावीस घरांनी मला हो म्हटलं होतं. गाड्या ठरल्या होत्या. बायका भांडी बांधत होत्या.

शनिवारी संध्याकाळी तू घरी आलास. दमला होतास. ओसरीवर बसून पाय चोळत म्हणालास, "उद्या सकाळी बांबूची शेवटची मागणी जाणार. त्यानंतर आठवडाभर काही मिळायचं नाही." आणि मला विचारलंस, अगदी सहज, "काय गं, गल्लीत काही हालचाल?"

मी म्हणाले, "नेहमीचीच."

हेच ते, अण्णा. हा एकच शब्द.

मला तुला हरताना बघायचं होतं. सोमवारी सकाळी तू छावणीच्या तोंडाशी वही घेऊन उभा असशील, आणि एकामागून एक बावीस गाड्या येतील, आणि तुझा चेहरा कसा होईल. दोन दिवस मी मनात तेवढंच रंगवत होते. झोपड्यांचा विचार माझ्या मनात आला नाही असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. आला होता. वाटलं, अण्णा काहीतरी करेल. तो नेहमी करतो.

रविवारी पहाटेच तू माळावर गेलास आणि रात्री तिथंच राहिलास. सोमवारी गाड्या निघाल्या. तू वही घेऊन उभाच होतास. पहिली सुंदराक्काची गाडी, मग दुसरी, मग सहावी आली तसा तू वहीतून मान वर केलीस. दहावी आली. आणि तुझा चेहरा, मी इतकी वाट पाहिली होती ज्याची, तो पडला नाही. उजळला. तू धावत माझ्या गाडीपाशी आलास आणि सगळ्यांदेखत ओरडलास, "राधा, चुकलो गं! साफ चुकलो! निघाली सगळी!" तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. मग तू मागं वळून त्या पाच झोपड्यांकडे बघितलंस, आणि तुझा हात खाली आला.

त्यानंतरचे तीन दिवस तू काय केलंस ते मी पाहिलंय. आप्पांना घेऊन जुन्या फौजेच्या कोठारात गेलास, फाटके तंबू मागून आणलेस. बेळगोळच्या रस्त्याला जाऊन खेड्यातून झावळ्या आणल्यास, स्वतः गाडीवर बसून. पण मंगळवारी दुपारी पाऊस आला, थंड वाऱ्याचा, आणि बुधवारी संध्याकाळपर्यंत थांबला नाही. झोपड्या आम्ही म्हाताऱ्यांना आणि दोन गरोदर बायकांना दिल्या होत्या. बाकीची घरं गाड्यांखाली. सुंदराक्कानं इंदूला दोन लुगड्यांत गुंडाळून पोटाशी धरली होती. गुरुवारी पोरीच्या छातीत घरघर सुरू झाली. डॉक्टर आले, म्हणाले प्लेग नाही, गारठा आहे. शुक्रवारी सकाळी ती गेली.

गल्लीत मागं राहिलेल्या अकरा घरांपैकी दोन घरांत प्लेग शिरला. छावणीत आलेल्या बावीस घरांतला एकही माणूस प्लेगानं गेला नाही. हे तूच नंतर मला सांगितलंस, हळू आवाजात, जणू माझं सांत्वन करत होतास. तुला वाटलं, लोकांना बाहेर काढल्याचं मला ओझं वाटतंय. मी घरोघर फिरले होते हे तोवर तुला कळलं होतं. पण बायकांनी तुला सांगितलं ते इतकंच, की राधा आली होती आणि मग आम्ही निघालो. कधी आली होती ते कुणी सांगितलं नाही, आणि तू धरून चाललास की मी रविवारी फिरले असणार. शनिवारी तर हालचाल नेहमीचीच होती. मीच सांगितलं होतं ना.

तू साहेबांना लिहून दिलंस की चूक तुझी एकट्याची. वरच्या जागेसाठी तुझं नाव होतं, ते मागं पडलं. त्याबद्दल तू कधी चकार शब्द काढला नाहीस. पण तो प्रश्न तुला सोडेना. कितीदा विचारलंस मला! "शनिवारी संध्याकाळी काहीच नाही, आणि सोमवारी सकाळी बावीस घरं. एका दिवसात? असं कसं होतं गं?" आणि मी भाजी चिरत म्हणायची, "होतं असं."

मग तुला उत्तर सापडलं. तू एक नवीन वही सुरू केलीस. त्यात लिहिलंस की समूहाचं मन थोडंथोडं बदलत नाही. ते बराच काळ जिथल्या तिथं दिसतं आणि एका दिवसात उलटतं. म्हणून समाजाच्या शास्त्राला ग्रहणाचं गणित पुरणार नाही, उकळत्या दुधाचं लागेल. तू दूध तापवून बघितलंस. खरंच बघितलंस, वहिनीच्या शेगडीवर, हातात घड्याळ घेऊन. ती आजही ते सांगून हसते. तू इतर गावांतल्या गोष्टी गोळा केल्यास, बाजार एकाएकी बंद पडल्याच्या, पंगत एकाएकी उठल्याच्या. पण तुझं पहिलं उदाहरण, तुझा पाया, आपली गल्ली होती. माझा शब्द होता.

वाचनालयात तू तो निबंध वाचलास तो दिवस आठवतो? तू कांजी केलेला अंगरखा घातला होतास. कॉलेजातले अध्यापक होते, दोन वकील होते. बायकांसाठी एका बाजूला पडदा होता, तिथं मी बसले होते. तू म्हणालास, "ज्या निरीक्षणावर माझी भिस्त आहे ते माझ्या घरचं आहे, म्हणून मी त्याची खात्री देऊ शकतो." टाळ्या पडल्या. अण्णा, मीही टाळ्या वाजवल्या. घरी येताना तू टांग्यात मला विचारलंस, "कसं झालं?" मी म्हणाले, "छान." आणि तू एखाद्या मुलासारखा हसलास.

दहा वर्षं मी हे बघत होते. मी तुझ्याशी वाद घालत राहिले की माणसांचं शास्त्र होणार नाही. आणि ते का होणार नाही याचा सगळ्यात मोठा पुरावा माझ्या तोंडात होता. तू मोजायला आलास आणि मोजल्या जाणाऱ्यानं तुला खोटं सांगितलं. द्वेषानं नाही, जिंकायच्या हौसेनं. तुझ्याच बहिणीनं. चंद्र असं करत नाही.

यंदा ती जगभरची लढाई संपता संपता हा इन्फ्लुएंझाचा ताप आला तेव्हा तू चामराजपुरमच्या या घरात राहायला येऊन दोन वर्षं झाली होती. घराघरात सगळीच्या सगळी माणसं आडवी, पाणी द्यायला कुणी उभं नाही. तू कचेरीत सांगितलं होतंस की मदतीला कोण बाहेर पडेल, तर एकटे तरुण. घरी लहान मुलं असलेला माणूस साथीत दार बंद करून घेतो, हा तुझा तक्ता. आणि घरी दोन मुलं असलेला तू, रोज सकाळी पेजेचं पातेलं घेऊन निघायचास. मी दारात आडवी उभी राहिले एक दिवस.

"तुझ्या तक्त्याप्रमाणं तुझ्यासारखा माणूस घरी बसतो."

तू गळ्याला मफलर गुंडाळत होतास. "मग तक्ता दुरुस्त करावा लागेल," म्हणालास. आणि माझ्या हाताखालून वाकून निघून गेलास.

रविवारी तुला ताप भरला. गुरुवारी दुपारी तू शुद्धीवर होतास, चांगला अर्धा तास. मी पंख्यानं वारा घालत होते. तू म्हणालास, "राधा, ते शनिवारचं... मला अजून पटत नाही बघ. दूधसुद्धा आधी कडेला बुडबुडे देतं. मला कसे दिसले नाहीत?" माझ्या ओठांवर आलं होतं. शपथ घेऊन सांगते, आलं होतं. वहिनी पाणी घेऊन आत आली, तू दोन घोट घेतलेस आणि डोळे मिटलेस. मी म्हटलं, उठल्यावर सांगू. तू नंतर बोलला नाहीस.

कडेला बुडबुडे होते, अण्णा. तुला दिसले नाहीत कारण मी मध्ये उभी होते.

परवा सुंदराक्का आली होती समाचाराला. केस पांढरे झालेत तिचे. त्यानंतर तिला दोन मुलगे झाले, ठाऊक आहे तुला. वहिनीजवळ बसली, रडली, मग मागच्या अंगणात माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "अण्णांनी इंदूच्या वेळी झावळ्या आणल्या होत्या स्वतः. हात सोलले होते त्यांचे." मला राहवलं नाही. मी तिला सांगितलं. सगळं. झोपड्या पाचच आहेत हे मला ठाऊक होतं, शनिवारी सांगितलं असतं तर बांबू आला असता, मी सांगितलं नाही. मी म्हटलं, "तू माझ्या शब्दावर निघालीस आणि मी..."

तिनं मला थांबवलं. "तुझ्या शब्दावर? अय्यो, नाही गं." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "सासूनं त्या आठवड्यात मला चुलीपाशी उभं राहू दिलं नव्हतं. मी केलेलं तिला चालायचं नाही. आणि ती म्हणाली होती, मेले तरी हा उंबरा सोडणार नाही. तू आलीस आणि छावणीचं बोललीस. मला वाटलं, माळावर का होईना, महिनाभर माझी स्वतःची चूल. सासूशिवाय. तेवढ्यासाठी निघाले मी. प्लेग, आकडा, याचं मला काही नव्हतं."

दहा वर्षं मी समजत होते की तुझा आकडा मी मोडला. माझ्या बोलण्यानं, माझ्या हट्टानं. आणि बावीस घरांमधलं पहिलं घर हललं ते एका चुलीसाठी. मागच्या एकवीस घरांची कारणं काय होती, देव जाणे. मी कधी विचारलंच नाही. तू निदान विचारत तरी होतास.

"म्हातारी वाचली," सुंदराक्का म्हणाली. "उंबऱ्यात बसून वाचली. आणि मी पोरीला घेऊन गेले." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी कधी सासूला दोष दिला, कधी पावसाला, पुष्कळदा स्वतःला. आता तुलाही देईन, राधा. खोटं कशाला बोलू? पण तुला एकटीला नाही देणार."

तिनं माझा हात धरला नाही. मला तो धरायला नको होता. उठताना तिनं विचारलं, "अण्णांना सांगितलं होतंस?"

मी मान हलवली. नाही.

"अय्यो," ती म्हणाली, आणि चपला घालून गेली.

आज दुपारी कॉलेजातले ते अध्यापक आले. तुझी वही छापायची म्हणतात. निबंधाचं त्यांना फार कौतुक आहे, आणि आपल्या गल्लीचं उदाहरण त्यांना त्यातलं रत्न वाटतं. वहिनीनं वही माझ्यापुढं ठेवली, म्हणाली, "तुम्हीच द्या, तुम्हालाच कळतं त्यातलं." मी अध्यापकांना म्हटलं, अर्धा तास थांबा. आत गेले. तुझी दौत वाळली होती, तिच्यात पाणी घातलं. आणि गल्लीचं उदाहरण जिथं आहे त्या पानाच्या कडेला लिहिलं:

"हे निरीक्षण चुकीचे आहे. शनिवारी संध्याकाळी गल्ली तयार होती. निरीक्षकाने बहिणीला विचारले होते. तिला ठाऊक होते. तिने सांगितले नाही."

खाली माझं पूर्ण नाव घातलं. अध्यापकांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुन्हा वाचलं. म्हणाले, "मग या प्रकरणाचा पायाच जातो." मी म्हटलं, "जातो." ते म्हणाले, "तरी छापायचं?" मी म्हटलं, "दोन्ही छापा. त्याचं आणि माझं."

माणसांचं शास्त्र होईल की नाही, मला अजूनही ठाऊक नाही. तुला उंदरांचं कळलं, हरवणाऱ्या मुलांचं कळलं, एवढं मी आता कुणापुढंही कबूल करते. पण ते शास्त्र होणार असेल तर त्यात सुंदराक्काची चूल कुठंतरी लिहावी लागेल, आणि माझा "नेहमीचीच"सुद्धा. एवढं कुठल्या वहीत मावेल, तूच सांग.

तू रागावला असतास. स्वतःला ओळखते तितकंच मी तुला ओळखते. दोन दिवस माझ्याशी बोलला नसतास, इंदूच्या नावानं उपास केला असतास. तिसऱ्या दिवशी सकाळी पाटावर मांडी घालून बसला असतास, कोरं पान उघडून, टाक शाईत बुडवून, भाकरी तशीच ताटात ठेवून. आणि मान वर न करता म्हणाला असतास, "हं. सुरुवातीपासून सांग. शुक्रवारी पहिलं दार कुणाचं?"